केळी पिकवायच्या खोलीत

खानदेशातल्या माणसाला थंडीचं विचारलं, तरी तो आधी उन्हाळ्याचंच सांगेल. आमची घरं उन्हाच्या भीतीनं बांधलेली असतात. जाड भिंती, उंच छत आणि हात जेमतेम जाईल एवढा झरोका. थंडी म्हणजे दोन महिन्यांची पाहुणी, तिची कोण एवढी सरबराई करणार? शाल घ्या, शेकोटीला बसा, गप्प राहा. मीही आयुष्यभर असंच म्हणत आले, कारण दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत आमच्या क्वार्टरला पूर्वेची खिडकी होती आणि हिवाळ्यात सकाळचं ऊन थेट माझ्या शिलाई मशीनवर यायचं. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कुणाला कळते?

ती खिडकी यांच्या नोकरीबरोबर आली होती आणि यांच्याबरोबरच गेली. हे निवृत्तीच्या तोंडावर गेले. चालत दवाखान्यात गेले आणि गाडीतून घरी आले. दिवसकार्य आटोपलं, मुलगी परत नाशिकला तिच्या संसारात गेली आणि थोड्याच दिवसांत क्वार्टर रिकामं करायची वेळ आली. धुळ्याला माझं माहेर, पण माय गेल्यापासून ते भावजयीचं घर झालंय. तिथे दोन दिवस गोड, तिसऱ्या दिवशी तीच विचारते, गाडी कितीची आहे? मग उरलं सावदा. यांचं मूळ घर तिथलं. थोरले दीर आणि थोरली जाऊ तिथे राहतात, केळीचे बाग सांभाळतात. दिरांना मी नाना म्हणते आणि जावेला अक्का.

माझ्याबरोबर सामान थोडंच आलं. भांडी मी वाटून टाकली, कपाट कॉलनीतच विकलं. पण मशीन आणलं. कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज मी लग्न झाल्यापासून शिवत होते. साहेबांच्या बायका भुसावळ सोडून माझ्याकडे यायच्या. शिवणं हे निमित्त असायचं. माप घेताना बाई दोन हात वर करून उभी राहिली की तिच्या मनातलं आपोआप बाहेर पडतं. मला अर्ध्या कॉलनीची सुखदुःखं टेपच्या निमित्तानं कळलेली होती. माझी माय म्हणायची, "हातले काम शे तवलग मान शे." हाताला काम आहे तोवर मान आहे, याचा अर्थ मला कॉलनीत कळला नव्हता, कारण मान होताच. सावद्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळला. तिथे मी 'धाकटी' होते. धाकटीनं चहा ठेवावा, धाकटीनं लसूण सोलावा, धाकटीनं पाहुणे आले की आतल्या खोलीत जावं. कुणी वाईट बोलत नव्हतं. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मी अक्कांना म्हटलं, "मला मशीन मांडायला जागा द्या. ओट्याचा कोपरा चालेल."

"ओट्यावं कसं बसशीन व? बठ्ठे मानसं येता-जाता आठी," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "मागची खोली हाय न. रिकामीच पडेल हाय."

मागची खोली म्हणजे केळी पिकवायची खोली. सासऱ्यांच्या काळात तिच्यात कच्चे घड रचून, दार लिंपून आत धूर करत. आता हमरस्त्याला मोठमोठी पिकवणी केंद्रं झाली आहेत, तिथे यंत्रं हवा गरम-गार करतात. ही खोली कित्येक वर्षं बंद होती. तिला खिडकी नाही. हवा बाहेर जाऊ नये म्हणूनच ती बांधलेली, तिला खिडकी कशी असेल? दार मात्र असं जाड की ते उघडायला खांदा लावावा लागे. पहिल्या दिवशी उघडलं तेव्हा आतून इतका गोडसर, आंबूस वास आला की मी पदर नाकाला लावून मागे सरले. आणि वासाच्या मागोमाग थंडी आली. बाहेर चांगलं ऊन होतं आणि आत माठात हात घातल्यासारखं वाटलं.

नाना मागे उभे होते. ते म्हणाले, "पाह्य बापा. चालनं तं चालनं. नही तं क्रेट ठेवाले एक जन मांगूच राह्यला."

मी म्हटलं, "नाना, पूर्वेला एक खिडकी पाडली तर?"

"भिंत फोडाची नही," ते म्हणाले आणि चप्पल घालून बागेकडे निघून गेले. नानांचं बोलणं तेवढंच असतं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांनी जागा दिली होती आणि त्यांच्या हिशेबानं तीच मोठी गोष्ट होती.

मी खोली खरवडून काढली. भिंतींना धुराचा काळा थर होता, तो सुटता सुटेना. वर चुन्याचे दोन हात दिले तरी पिवळेपणा खालून वर येत राहिला. खिळा ठोकायला गेले तर खिळा वाकला, म्हणून दोऱ्याच्या रिळांसाठी फळी भिंतीला न लावता दोन डब्यांवर ठेवली. घरातून वायर ओढून ट्यूब लावली. एका कोपऱ्यात दोरीवर जुनी चादर टाकून ब्लाउज घालून पाहायची जागा केली आणि तिथे आरसा ठेवला. दिवसासुद्धा ट्यूब लागायची. त्या पांढऱ्या उजेडात आरशात माझा चेहरा आजारी माणसासारखा दिसायचा, म्हणून आरसा मी भिंतीकडे जरा वळवून ठेवला. गिऱ्हाईक आलं की सरळ करू म्हटलं.

सगळं मांडून झालं आणि मी मशीनवर बसले, तर मशीन फिरेना. तेल थंडीनं दाट झालं होतं. चाक हातानं फिरवलं तर कुरकुरत अर्धं फिरायचं आणि थांबायचं. मग मी रोज सकाळी मशीनचं डोकं काढून ओट्यावर उन्हात नेऊन ठेवायला लागले. अक्का हसायच्या, म्हणायच्या, "तान्हं पोर उन्हात ठेवता तसं ठेवू राह्यली." पायाखाली दोन गोणपाटं घातली, तरी फरशीचा गारवा गुडघ्यापर्यंत चढायचा. पण खरा त्रास बोटांचा. हूक-काजाचं काम बोटांच्या टोकांचं असतं आणि टोकंच बधिर. सुई बोटात गेली तरी रक्त दिसल्यावर कळायचं. चहाचा पेला मी पिण्यासाठी कमी आणि धरण्यासाठी जास्त घ्यायचे.

तरीसुद्धा त्या खोलीत बसले की मी कुणाची धाकटी नसायचे, हे मला कबूल केलंच पाहिजे. दुखरी बोटं आणि कुबट भिंती मला घरातल्या ऊबदार स्वयंपाकघरापेक्षा बऱ्या वाटायच्या. एवढं एकच मला टिकवायचं होतं. नानांचे क्रेट तिथे येऊ नयेत.

पहिलं काम आलं ते अक्कांमुळे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंच्या मुलीचं माघात लग्न होतं. अक्कांनी त्यांना सांगितलं, आमची धाकटी कॉलनीत साहेबांच्या बायकांचं शिवायची. बाई आल्या, माझ्या हातचे दोन ब्लाउज उलटून आतली शिलाई पाहिली आणि पाच पीस देऊन गेल्या. त्यात लग्नाच्या शालूचा पीस होता. मोतिया रंगाचा, काठाला बारीक जर. शालूतूनच कापून काढलेला, म्हणजे बिघडला तर दुसरा मिळायचा नाही. नवरी स्वतः आली नाही. मापाला तिचा जुना ब्लाउज दिला होता. मला वाटलं होतं, मुलगी येईल, चादरीमागे उभी राहील, लाजत हसत दोन गोष्टी सांगेल. पण म्हटलं, पहिल्याच घासाला एवढं कशाला पाहिजे?

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. अक्का दर गुरुवारी लक्ष्मी मांडतात. त्या सकाळीच म्हणाल्या, "यंदा तुया मशीनपाशी मांडू. नवं काम हाय, लक्ष्मी तठीच बसाले पायजे." मला भरून आलं. सावद्याला आल्यापासून माझ्या मशीनला कुणी काही मानलं असेल तर ते अक्कांनी, त्या दिवशी.

त्यांनी बागेतून केळीचे दोन कोवळे खुंट तोडून आणले. मशीनच्या दोन बाजूंना बांधले. पानं वर ट्यूबला लागत होती, म्हणून विळ्यानं शेंडे छाटले, आणि मग पानं मशीनवर अशी कमान करून वाकली की खरंच छान दिसलं. मधे कलश, पुढे फळं. आणि अक्का म्हणाल्या, "पहिल्या गिऱ्हाइकाचं कापड देवीपुढं ठेव." मी शालूचा पीस ताटात ठेवून दिला. मग पूजेला म्हणून मी पुन्हा आत पाय टाकणार तोच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तू दारातूनच पाह्य व. मी करते. लोके बोलता, म्हनून."

पूजा सवाष्णीची. मला ते ठाऊक होतं. कॉलनीत हे असताना मीही मांडायचे आणि शेजारच्या विधवा बाईंना बोलवायचे नाही. मी दारात उभी राहिले. अक्कांनी मन लावून पूजा केली, पोथी वाचली, मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावलं. मी दारातूनच हात जोडले.

संध्याकाळी ताट उचललं तेव्हा कापडावर दोन-तीन ओले ठिपके होते. मला वाटलं, पळीतलं पाणी उडालं असेल. पाणीच होतं ते दिसायला. मी झटकलं, वाळू दिलं, दुसऱ्या दिवशी कापायला घेतलं.

केळीच्या पट्ट्यात जन्मलेल्या कुणालाही विचारा, ते सांगतील. केळीचा चीक ओला असताना पाण्यासारखा असतो आणि वाळला की चहासारखा. बागेत जाणाऱ्या माणसाचे कपडे वेगळे असतात ते यामुळेच. अक्कांची बागेतली लुगडी वेगळ्या दोरीवर वाळत असतात आणि त्या दुसऱ्या कपड्याला शिवू देत नाहीत. पण बागेतल्या केळीला चीक असतो, पूजेतल्या केळीला तो असेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तिथे ती केळ नव्हतीच, लक्ष्मीचा मांडव होता. आणि मी धुळ्याची, आमच्याकडे कापूस. मला काय कळणार?

ब्लाउज शिवून झाला. अस्तर बसलं, गळ्याला पायपिंग झालं, हात ताठरलेले असूनही काठ अगदी जिथे यायला हवा तिथे आला. मला स्वतःचाच अभिमान वाटला. मग इस्त्री फिरवली आणि पाठीवर तपकिरी डाग वर आले. दोन पाठीवर, एक खांद्याजवळ. मी ट्यूबखाली धरून पाहिलं, मग बाहेर उन्हात आणून पाहिलं. उन्हात ते जास्तच दिसले.

लिंबू लावलं, खोबरेल चोळलं. भुसावळला जाऊन कॉलनीच्या ओळखीच्या ड्रायक्लीनरला दाखवलं. तो म्हणाला, "केळीचा डाग? ताई, यावलपासून रावेरपर्यंत आजवर कुणाचा निघाला नाही. तुमचा काय निघणार?" चीक म्हणजे काय ते मला त्याच्याकडून कळलं. बसमध्ये परत येताना मला पूजा, ते ठिपके आणि छाटलेले शेंडे सगळं एकदम आठवलं.

अक्कांना मी तसं सांगितलं. त्या तोंडावर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "देवा, मले कसं ध्यानात आलं नही?" मी म्हटलं, जाऊ द्या, तुम्ही मुद्दाम केलं का? नवरीच्या आईला खरं ते सांगून टाकू. तुमच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल. त्यांनी मान हलवली.

नवरीची आई दुपारी आली. मी काही लपवलं नाही. ब्लाउज पुढे ठेवला, डाग दाखवले आणि म्हटलं, "पूजेच्या खुंटांचा चीक पडला. चूक माझी, कापड मी तिथे ठेवायला नको होतं. पण हा चीक आहे, दुसरं काही नाही."

दुसरं काही म्हणजे काय, ते आम्हा तिघींनाही माहीत होतं. विधवेच्या हातून नवरीच्या शालूवर डाग. बाईंनी ब्लाउज हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. त्या अक्कांकडे वळल्या. अक्का दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"खरं का हो, अक्का? तुमच्या पूजेत पडला?"

मी अक्कांच्या तोंडाकडे पाहत होते. एक 'हो' हवा होता. अक्का म्हणाल्या, "लक्ष्मीच्या केळीनं कुठी डाग पडतो का?"

मला आधी कळलंच नाही त्या काय बोलल्या ते. नवरीच्या आईला मात्र लगेच कळलं. ती बाई वाईट नव्हती. ओरडली नाही, भरपाई मागितली नाही. उरलेले चार पीस तिनं हळूच पिशवीत भरले, मापाचा ब्लाउज घेतला आणि म्हणाली, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई. आमच्या घरातलं पहिलं कार्य आहे, म्हणून." चहा तिनं घेतला नाही.

मला संताप आला. त्या बाईचा नाही, अक्कांचा. पण आपलेच दात, आपलेच ओठ. ज्या घरात जेवते त्या घरात ओरडून जायचं कुठे? मी मशीनवर कापड टाकलं, दार ओढून घेतलं आणि त्या काळोख्या खोलीत ट्यूब न लावता बसून राहिले. थंडी वाजत होती ती वाजू दिली.

त्यानंतर गिऱ्हाईक आलं नाही. बायका रस्त्यात भेटल्या की आपुलकीनं बोलायच्या, जेवलीस का विचारायच्या, आणि कापड फैजपूरला टाकायच्या. पंधरवड्यानं नाना खोलीच्या दारात आले. मला वाटलं, क्रेटचं सांगणार. त्यांच्या मागे गड्यानं जुन्या साड्यांचा गठ्ठा आणला होता. बागेच्या कडेनं वारं अडवायला साड्यांचे पडदे लावतात. गार वाऱ्यानं केळीची पानं करपतात, घड भरत नाहीत. नाना म्हणाले, "ह्या लांबच्या लांब जोडून दे. बाहेरून शिवून आनतो तं तूच काबरं नही?"

त्यांना मदतच करायची होती. मी नाही कसं म्हणणार? माणसांचं शिवायची ती मी केळीला शिवायला लागले. माप नाही, गळा नाही, हूक नाही. एक सरळ शिलाई, साडी संपली की दुसरी. कुणाकुणाच्या अंगावरच्या त्या साड्या, आणि एकही बाई माझ्यासमोर उभी राहत नव्हती.

अक्का दुसरं टोक धरायला येऊन बसायच्या. येताना शेगडीत निखारे घालून आणायच्या, माझ्या पायांपाशी ठेवायच्या आणि दार उघडं टाकायच्या. आधी कधी आणली नव्हती शेगडी. आम्ही दोघी फारसं बोलत नव्हतो. एके दिवशी माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, "अक्का, हो म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

त्या हातातलं साडीचं टोक सरळ करत म्हणाल्या, "माह्या पूजेनं डाग पडला म्हनलं असतं, तं माह्यं नाव खराब झालं असतं. तुयं तं..." आणि थांबल्या. तुझं तर असंही झालेलंच आहे, हे वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं. पाय दाबत मशीन चालू केलं.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःचा पीस आणून माझ्यापुढे ठेवला. गडद हिरवा, सोनेरी बुट्ट्यांचा. "माप घे," म्हणाल्या. "त्या पोरीच्या लग्नात हाच घालते. बठ्ठ्या बायाइत. कोनी इचारलं तं सांगीन, धाकटीनं शिवला." आणि खरोखर चादरीमागे जाऊन दोन हात वर करून उभ्या राहिल्या. माझी गार बोटं पाठीला लागली तशा त्या दचकल्या आणि हसल्या. मीही हसले. मला वाटलं, तोंडानं नाही तर नाही, अंगावर घालून तरी ही बाई माझी बाजू मांडेल. तो ब्लाउज मी जसा शिवला तसा कॉलनीतल्या कुठल्या साहेबाच्या बायकोचाही शिवला नसेल. पाठीला गोल गळा, त्याला गोंडे, बाह्यांवर काठ.

लग्नाला मी गेले नाही. मला न्यायचं नाहीच, ते न बोलताच ठरलेलं होतं. ओट्यावर उन्हात बसून मी वाट पाहत होते. लग्न भर दुपारचं होतं, ऊन चांगलं तापलं होतं आणि स्वेटर तर मी सकाळीच काढून ठेवला होता. मंडपातून बायका घोळक्यानं परत येताना दिसल्या. त्यांच्यात अक्का होत्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटलेला, गळ्यापाशी पिन लावलेली. हाताच्या मनगटापर्यंत हिरवा रंग कुठे दिसत नव्हता.

बायका पुढे गेल्या. अक्का ओट्याची पायरी चढल्या, माझ्याकडे न बघता त्यांनी चपला काढल्या. मी काहीच विचारलं नव्हतं.

"थंडी लई होती व मंडपात," त्या म्हणाल्या.